डोंगरापासून दर्यापर्यंत : गोमंतकातील रानवाटा, तळी आणि सागरकडे

कुलदेवतेच्या दर्शनासाठी गोमंतकात येणारी कुटुंबे बहुधा दोन-तीन दिवसांच्या सवडीने येतात. बेळगाव, हुबळी, कारवार, मुंबई, बडोदे, इंदूर अशा दूरदूरच्या गावांहून आलेली ही मंडळी अग्रशाळेत उतरतात. पहाटे स्नान करून अभिषेक, पूजा, नैवेद्य आटोपतात, महाप्रसाद घेतात आणि दुपारी सभामंडपाच्या पायऱ्यांवर विसावली की एक प्रश्न हमखास विचारतात, “दर्शन तर छान झाले. आता जवळपास पाहण्यासारखे काय आहे?”

या प्रश्नाचे उत्तर आम्ही अनेक वर्षे सहज देत आलो. कोणी धबधबा विचारला तर धबधब्याची वाट सांगितली, कोणी समुद्र विचारला तर समुद्राची. एका आषाढात अशाच एका कुटुंबास आम्ही सत्तरीतील एका ओहोळाची वाट सांगितली. तेथे ऊन पडले होते, पाणी गुडघ्याइतके होते. वडील आणि दोन मुलगे प्रवाहाच्या मध्यावरील खडकावर जाऊन बसले. वर घाटात मात्र पाऊस कोसळत होता. पाव तासाच्या आत पाणी लाल झाले, चढले आणि तिघेही मध्येच अडकले. वाड्यावरच्या माणसांनी दोर टाकून त्यांना काठावर आणले म्हणून पुढचा अनर्थ टळला. संध्याकाळी ते कुटुंब परतले तेव्हा त्यांनी आम्हांस दोष दिला नाही. परंतु दोष आमचा होता. आम्ही वाट सांगितली होती, वेळ सांगितली नव्हती.

तेव्हापासून या प्रश्नाचे उत्तर आम्ही निराळ्या रीतीने देऊ लागलो. तेच उत्तर येथे सविस्तर लिहिले आहे.

एकाच पाण्याचे मुक्काम

गोमंतकाचे क्षेत्रफळ ३७०२ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रातील एखाद्या मध्यम जिल्ह्याहूनही कमी. पूर्वेस सह्याद्रीचा कडा, पश्चिमेस अरबी समुद्र आणि मध्ये जांभ्या दगडाच्या टेकड्या व खाड्या, अशी त्याची साधी रचना आहे. सकाळी घाटाच्या पायथ्याशी असलेला मनुष्य संध्याकाळी समुद्रकाठी सूर्यास्त पाहू शकतो. त्यामुळे रान, तळे आणि समुद्र ही तीन वेगवेगळी स्थळे आहेत असा पाहुण्यांचा समज होतो. वस्तुतः ते बहुतांशी एकाच पाण्याचे तीन मुक्काम आहेत.

या भूमीवर वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. घाटमाथ्याकडे त्याचे प्रमाण पुष्कळ अधिक असते. यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. म्हादई नदी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, भीमगडच्या अरण्यप्रदेशात उगम पावते, सत्तरीतून खाली उतरते आणि मांडवी या नावाने पणजीजवळ समुद्रास मिळते. दूधसागराचे पाणीही खांडेपार नदीच्या वाटेने अखेर मांडवीतच येते. बेळगावहून येणाऱ्या भाविकांनी हे ध्यानी घ्यावे की, ज्या डोंगरांच्या अंगाने ते घाट उतरून येतात, त्याच डोंगरांवरचे पाणी पणजीच्या पुलाखालून वाहत असते.

जांभ्या टेकड्यांची तऱ्हा थोडी वेगळी आहे. टेकडीच्या सपाट माथ्यास येथे सडा म्हणतात. वैशाखात हा सडा करपलेला, निर्जीव भासतो. परंतु जांभा सच्छिद्र असतो. तो पावसाचे पाणी शोषून घेतो. ते पाणी झिरपत खालच्या चिकणमातीच्या थरापर्यंत पोहोचते, तेथे अडते आणि टेकडीच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. त्या झऱ्यावर पोफळीचे कुळागर उभे राहते, त्याच झऱ्यावर तळी बांधली जाते आणि त्या तळीशेजारी देऊळ असते. सड्यावर फरशी पडली किंवा खाण खोदली गेली की पायथ्याचा झरा क्षीण होऊ लागतो. वरच्या माळाचा आणि खालच्या तळीचा हा संबंध डोळ्यांस दिसत नाही, म्हणून तो मुद्दाम सांगावा लागतो.

प्रारंभ देवालयाच्या तळीपासून

पहिले तळे पाहण्यास दूर जावे लागत नाही. फोंडा तालुक्यातील बहुतेक देवालयांस स्वतःची तळी आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात तिसवाडी, साष्टी, बार्देश या भागांतील देवता सुरक्षित स्थळी हलविल्या गेल्या. कुशस्थळीचा श्रीमंगेश, केळशीची श्रीशांतादुर्गा, वेर्ण्याची श्रीमहालसा ही दैवते आजच्या फोंडा तालुक्यात आली. ज्या ठिकाणी ती स्थिरावली तेथे डोंगराची ओल, झरा आणि झाडी होती. बांदिवड्याचा श्रीनागेश मात्र मूळचाच तेथील. तेथे इ. स. १४१३ चा शिलालेख आहे आणि देवळासमोरच्या तळीत मासे निर्धास्त फिरताना दिसतात.

तळीच्या पायऱ्यांवर पाच मिनिटे शांत बसावे. पाणी कोठून आत येते, कोठून बाहेर जाते, बाहेर पडल्यावर कोणत्या बागेस मिळते, हे पाहावे. मुलांस ते शोधावयास सांगितले तर त्यांना खेळही मिळतो आणि पुढच्या दोन दिवसांत काय पाहावयाचे आहे याचा धडाही. तळीत साबण लावून स्नान करणे, निर्माल्य टाकणे, माशांना चुरमुरे वा बिस्किटे घालणे या गोष्टी श्रद्धेपोटी होत असल्या तरी त्यांनी पाणी नासते. साठलेल्या पाण्यात अन्न कुजले की पाण्यातील प्राणवायू घटतो आणि पुण्य म्हणून ज्यांना खाऊ घातले तेच मासे मरतात.

रानवाट : तांबडी सुर्ला

पहिल्या दिवशी पूर्वेकडे जावे असे आम्ही सुचवितो. पणजीपासून सुमारे ६५ किलोमीटरवर, सह्याद्रीच्या पायथ्याशी, दाट झाडीत तांबडी सुर्ल्याचे श्रीमहादेवाचे देवालय आहे. कदंबकाळातील हे देवालय बाराव्या-तेराव्या शतकातील मानले जाते. गर्भगृह, अंतराळ आणि खांबांचा खुला मंडप एवढीच त्याची मांडणी असून, संपूर्ण बांधकाम काळ्या बेसाल्ट दगडाचे आहे. गोमंतकातील बहुतेक बांधकामे जांभ्याची असताना येथे हा दगड वापरला गेला, हे विशेष. मंडपाच्या छतावरील कोरीव कमळ मान वर करून अवश्य पाहावे. कदंबकालीन देवालयांपैकी जवळजवळ अखंड राहिलेले असे हे एकच देवालय गोमंतकात उरले आहे. वस्तीपासून दूर, अरण्याच्या आडोशाने असल्यामुळे ते वाचले असे मानतात. रानाने देवास राखले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

देवालयाशेजारून नदी वाहते. तिच्या काठाने झाडीत थोडे चालले की पंधरा-वीस मिनिटांतच माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. हा प्रदेश भगवान महावीर अभयारण्याच्या परिसरातील आहे. हे अभयारण्य सुमारे २४० चौरस किलोमीटरचे असून त्याच्या गाभ्यात मोले राष्ट्रीय उद्यान आहे. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी याच रानांत आढळतो. तो दिसला तर आनंद मानावा, पण जवळ जाऊ नये. गवा सहसा माणसास टाळतो. परंतु एकटा नर वा वासरासह असलेली गाय अडचणीत सापडली तर चाल करून येते. धनेशाच्या पंखांचा मोठा आवाज, शेकरूची फांदीवरून फांदीवर उडी, झाडाच्या खोडावर चढलेले आमरीचे फूल हे पाहण्यास दुर्बिणीहून अधिक गरज आहे ती गप्प राहण्याची.

याच अभयारण्याच्या हद्दीत, गोवा-कर्नाटक सीमेवर दूधसागर आहे. सुमारे ३१० मीटर उंचीवरून चार टप्प्यांत कोसळणारा हा प्रवाह पावसाळ्यात अवर्णनीय दिसतो आणि तेव्हाच तो सर्वांत धोक्याचा असतो. पावसाळा सरल्यावर वनखात्याच्या परवानगीने कुळ्याहून जीपगाड्या तेथवर जातात. लोहमार्गावरून चालत धबधबा गाठण्यास मनाई आहे. बोगद्यात गाडी आल्यास बाजूस सरण्याइतकी जागा नसते, एवढे कारण ती मनाई पाळण्यास पुरेसे आहे.

देवराई : जेथे कुऱ्हाड थांबते

घाटाच्या पायथ्याच्या गावांत रानाचा एखादा तुकडा देवाच्या नावे राखलेला असतो. यास कोणी देवराई म्हणतात, कोणी देवाची राय, कोणी पन्न. तेथील झाड तोडावयाचे नाही, पडलेले लाकूडही घरी न्यावयाचे नाही, पादत्राणे घालून आत जावयाचे नाही, असा दंडक. हा दंडक मोडणाऱ्यास राखणदार शासन करतो अशी गावाची श्रद्धा. सत्तरी तालुक्यात बांबर येथे निरंकाराची राय आहे. ती पाहिली म्हणजे या दंडकाचे मोल कळते.

या राईत रानजायफळाच्या कुळातील वृक्षांची पाणथळ आहे. जमीन बाराही महिने ओली, चिखलाची. अशा चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून ही झाडे आपली मुळे गुडघ्यासारखी वाकवून पाण्याच्या वर काढतात आणि त्यांवाटे श्वास घेतात. पश्चिम घाटात अशा पाणथळी आता फार थोड्या उरल्या आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथेही एक सापडली आहे. ही राने टिकली ती देवराईच्या मर्यादेमुळे. ही जमीन स्पंजाप्रमाणे पावसाळ्याचे पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात थोडे थोडे सोडते, हे शास्त्र आज सांगितले जाते. आपल्या पूर्वजांनी ते शास्त्राच्या भाषेत मांडले नसेल, परंतु राई तुटली की ओहोळ आटतो, हे त्यांनी पाहिले असले पाहिजे.

येथे एक विनंती. राईत जावयाचे असल्यास गावातील माणसास विचारून, त्याच्यासह जावे. वर आलेली मुळे पायाखाली तुडवू नयेत. ती दगडासारखी दिसतात, पण ती त्या झाडाची श्वासनलिका असते.

याच तालुक्यात ब्रह्मकरमळी नावाचे गाव आहे. तेथे श्रीब्रह्मदेवाची कदंबकालीन उभी मूर्ती आहे. ब्रह्मदेवाची देवालये देशात विरळाच. ही मूर्ती मूळची येथील नव्हे. ती तिसवाडीतील करमळी गावची. सोळाव्या शतकात भक्तांनी ती येथे, रानाच्या आश्रयास आणली आणि देवाबरोबर गावाचे नावही आले. ज्यांनी सकाळी ही करमळी पाहिली, त्यांनी दुसऱ्या दिवशी ती मूळची करमळीही पाहावी. तेथे एक सुंदर तळे आहे.

करमळीचे तळे

जुन्या गोव्याजवळ, करमळी रेल्वेस्थानकापासून थोड्याच अंतरावर हे विस्तीर्ण तळे आहे. त्याचा विस्तार सुमारे ७० हेक्टर. कोकण रेल्वेने येणाऱ्या अनेकांनी ते गाडीच्या खिडकीतून पाहिलेले असते, पण ते मानवनिर्मित आहे हे थोड्यांस ठाऊक असते. भोवतालच्या टेकड्यांवरून येणारे पाणी बांध घालून अडवावे आणि पावसाळ्यानंतर ते खालच्या भातशेतीस द्यावे, ही त्यामागील योजना. म्हणून या तळ्याची पातळी वर्षभर सारखी नसते. पावसाळ्यात ते भरते आणि उन्हाळ्याकडे उतरत जाते.

हे उतरणेच पक्ष्यांच्या उपयोगी पडते. पाणी उथळ झाले की कडेचा चिखल, कंद, किडे, लहान मासे यांचे ताट मांडले जाते. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत येथे अडई, तलवार बदक, काणूक अशी बदके, जांभळी पाणकोंबडी, कमळाच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी, उघड्या चोचीचा करकोचा असे कितीतरी पक्षी दिसतात. तलवार बदकासारखे पाहुणे हिमालयापलीकडून येतात.

सूर्योदयापूर्वी काठावर पोहोचावे. धुके विरळ होत असता प्रथम आवाज ऐकू येतात, मग आकार दिसू लागतात. काठावर उभे राहून पाहावे, पाण्याकडे धावू नये, टाळ्या वाजवून थवा उडवू नये. थवा उडाला की छायाचित्र छान येते, हे खरे. परंतु हजारो कोस उडून आलेल्या पक्ष्यास विश्रांती हवी असते आणि प्रत्येक उड्डाणात त्याने परतीसाठी साठविलेली शक्ती खर्च होते. थकून आलेल्या पाहुण्यास आपण दारातून पुन्हा उठवीत नाही. येथेही तोच शिष्टाचार पाळावा.

खारफुटी आणि मानस

करमळीहून रायबंदरास यावे आणि फेरीबोटीने मांडवी ओलांडून चोडण बेटावर जावे. तेथे डॉ. सलीम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे. १९८८ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचे, पण संपूर्ण खारफुटीचे आहे. नदीचे गोडे पाणी आणि भरतीचे खारे पाणी जेथे मिसळते तेथे ही झाडी वाढते. तिच्या मुळांच्या जाळ्यात गाळ अडतो, माशांची व कोळंबीची पिले वाढतात आणि काठ खचत नाही. रानजायफळाने रानातील चिखलात जी युक्ती केली, तीच येथे खारफुटीने केली आहे. तिचीही श्वासमुळे चिखलातून वर येतात. दोन्ही एकापाठोपाठ पाहिल्यास हे साम्य मुलांच्याही ध्यानी येते.

खाडीकाठच्या सखल जमिनीस येथे खाजन म्हणतात. पूर्वजांनी बांध घालून ती समुद्राकडून मिळविली आणि बांधात मानस, म्हणजे लाकडी दारे, बसविली. ओहोटीच्या वेळी आतील पाण्याच्या दाबाने दार उघडते व पावसाचे पाणी बाहेर जाते. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते आपोआप मिटते व खारे पाणी शेतात शिरत नाही. कोणतेही यंत्र नसता दिवसातून दोनदा उघडमीट करणारी ही रचना पाहून विस्मय वाटतो. मात्र मानशीच्या तोंडाशी पाण्यास जबरदस्त ओढ असते, तेव्हा तेथे पाण्यात उतरू नये.

मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांस जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. या परिसरातील काही गावांत पौष अमावास्येच्या सुमारास मातीची मगर करून तिची पूजा करण्याची चाल आहे. तीस मानगे थापणी म्हणतात. ज्या प्राण्याची भीती आहे त्याच्याशी वैर न धरता, त्यास त्याची जागा देऊन आपण आपल्या जागी राहावे, असा या पूजेचा अर्थ आम्ही लावतो. कालव्याच्या काठी पाय सोडून बसू नये, हा त्याच अर्थाचा व्यवहारी भाग.

सागरकडे : आग्वाद

दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ मांडवीच्या मुखाशी घालवावी. उत्तरेकडील भूशिरावर आग्वादचा किल्ला आहे. पोर्तुगीजांनी तो १६१२ मध्ये पूर्ण केला. ‘आग्वाद’ हे नाव पाण्यावरून पडले. लिस्बनहून महिनोन्‌महिने प्रवास करून आलेली जहाजे येथील गोड्या झऱ्याचे पाणी भरून घेत. किल्ल्याच्या मध्यभागी जमिनीखाली पाण्याचे प्रचंड टाके असून त्याची क्षमता सुमारे २४ लाख गॅलन सांगितली जाते. जुना दीपस्तंभ १८६४ सालचा आहे.

खाऱ्या समुद्राच्या ओठावर गोडा झरा कसा, असे आश्चर्य वाटते. उत्तर आपण पहिल्याच दिवशी तळीच्या पायरीवर शोधले होते. भूशिराचा माथा हा जांभ्याचा सडाच आहे. वर पडलेला पाऊस तो मुरवितो आणि खाली सोडतो. देवळाची तळी भरणारी आणि गलबतांची पिंपे भरणारी रीत एकच.

तटावर उभे राहिले म्हणजे समोर मांडवीचे मातकट पाणी समुद्राच्या निळ्या पाण्यात मिसळताना दिसते. काल घाटाच्या पायथ्याशी जे पाणी पायाशी खळाळत होते, त्याचा हा शेवटचा मुक्काम. येथे आमची मंडळी बहुधा काही काळ बोलत नाहीत.

दक्षिणेकडे मुक्काम असल्यास

ज्यांचा मुक्काम मडगाव वा काणकोण भागात असेल, त्यांनी हाच क्रम दक्षिणेत पाहावा. सांगे तालुक्यात नेत्रावळीचे अभयारण्य आहे. सुमारे २११ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य १९९९ मध्ये घोषित झाले. तेथील श्रीगोपीनाथाच्या देवळाजवळील पायऱ्यांची तळी तळातून सतत वर येणाऱ्या बुडबुड्यांमुळे प्रसिद्ध आहे आणि लोक तिला बुडबुड्यांची तळी म्हणतात. काठावर बसून ते बुडबुडे पाहावेत. पाणी ढवळण्याचा मोह आवरावा.

संध्याकाळी काणकोण तालुक्यातील खोलगड, म्हणजे काब द राम, गाठावा. वनवासात राम-सीतेचे वास्तव्य येथे होते अशी लोकश्रद्धा आहे आणि नाव त्यावरूनच पडले. सौंद्याच्या राजाकडून हा किल्ला १७६३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला. पश्चिमेच्या बुरुजावरून दिसणारा समुद्र विसरता येत नाही. परंतु येथील कडा जांभ्याचा आहे. जांभ्याचा वरचा थर उन्हाने टणक होतो आणि खालचा भाग लाटांनी व झिरपणाऱ्या पाण्याने पोखरला जातो. त्यामुळे वरून भक्कम वाटणारी कड आतून पोकळ असू शकते. कडेपासून दोन-तीन पुरुष अंतर राखावे. छायाचित्रासाठी समुद्राकडे पाठ करून मागे मागे सरकणे, हा प्रकार सर्वथा टाळावा.

पाण्याचे वेळापत्रक

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिला, ती सांगतो. स्थळे नकाशात सापडतात. त्यांची वेळ मात्र पाणी ठरविते.

जून ते सप्टेंबर : धबधबे आणि ओहोळ दुरून पाहावेत, पाण्यात उतरू नये. पाऊस आपल्या डोक्यावर पडत नसला तरी घाटात पडत असतो. पाणी अचानक गढूळ होणे, त्यातून पाने-काटक्या वाहत येणे, प्रवाहाचा आवाज बदलणे, यांपैकी एक जरी खूण दिसली तरी तत्काळ उंच काठावर यावे, सामान तेथेच सोडावे. जुलै २०२३ मध्ये बुडण्याच्या घटनांनंतर वनखात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास बंदी घातली होती. जाण्यापूर्वी त्या दिवसाची स्थिती वनखात्याच्या नाक्यावर विचारावी. या चार महिन्यांत समुद्रातही उतरू नये.

ऑक्टोबर व नोव्हेंबर : रानवाटांसाठी हा उत्तम काळ. पाणी निवळलेले, रान हिरवे, वाट पक्की. परतीचा पाऊस दुपारनंतर येऊ शकतो, म्हणून सकाळी निघावे व दुपारपर्यंत परतावे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी : तळी व पक्षी पाहण्याचा काळ.

डिसेंबर ते मे : सत्तरीच्या रानांत गोचिडांपासून जपावे. २०१५ पासून या तालुक्यात माकडतापाचे रुग्ण आढळले असून हा रोग गोचिडाच्या चाव्याने होतो. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, विजार मोज्यात खोचावी, पालापाचोळ्यावर बसू नये, मेलेल्या माकडाजवळ जाऊ नये, परतल्यावर गरम पाण्याने स्नान करून कपडे धुण्यास टाकावेत. पुढील आठ-दहा दिवसांत ताप आल्यास आपण सत्तरीच्या रानात गेलो होतो, हे वैद्यांस आवर्जून सांगावे. इंदूर वा बडोद्याच्या डॉक्टरांच्या मनात हा रोग सहजी येणार नाही.

भरती-ओहोटी : यासाठी आपल्या घरचे पंचांगच पुरेसे आहे. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांग. उधाणाच्या दिवसांत ओहोटीला मोकळे दिसणारे खडक भरतीस पूर्ण बुडतात आणि परतीची वाट बंद होते. शेवाळलेल्या काळ्या खडकावर पाऊल टाकू नये. खडक काळा व ओला आहे याचा अर्थ लाट तेथवर येऊन गेली आहे आणि पुन्हा येणार आहे.

समुद्रस्नान : लाल बावटा असलेल्या भागात उतरू नये. गोव्याच्या प्रमुख किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षकांची व्यवस्था आहे. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मध्येच स्नान करावे. लाटा फुटत असता मध्येच एक पट्टा शांत दिसतो. नवखा मनुष्य तेथेच उतरतो. वस्तुतः किनाऱ्यावर आलेले पाणी त्याच पट्ट्यातून वेगाने समुद्रात परतत असते. त्या ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. शक्ती राखून किनाऱ्यास समांतर पोहत बाजूस यावे आणि मगच किनारा धरावा. पोहता येत नसेल तर पाठीवर तरंगत हात वर करून मदत मागावी.

ज्येष्ठ मंडळींसाठी एक सूचना. वरीलपैकी देवालयाच्या तळ्या, करमळीचे तळे व आग्वाद येथे फार चालावे लागत नाही. सगळे एका दिवसात उरकण्याचा हट्ट धरू नये. एक तळे शांतपणे पाहिले तर ते पाच स्थळांच्या धावपळीहून अधिक लक्षात राहते.

अखेरीस

रानात नेलेली प्रत्येक वस्तू परत आणावी, हे आता सर्वांस ठाऊक आहे. आम्ही त्यात एवढीच भर घालतो की, ज्या गावातून आपण जातो त्या गावास विचारून जावे. ओहोळाचे पाणी कधी चढते, गवा कोणत्या बाजूस उतरतो, कोणता खडक भरतीस बुडतो, हे तेथील माणसास जन्मापासून ठाऊक असते. त्या आषाढात दोर घेऊन धावून आले ते याच वाड्यावरचे लोक होते. आपण त्यांना आधी विचारले असते तर दोराची गरजच पडली नसती.

ते कुटुंब पुढे पुन्हा आले, मार्गशीर्षात. दोन्ही मुलगे उंच झाले होते. आम्ही त्यांना करमळीच्या तळ्यावर पहाटे पाठविले. परतल्यावर धाकट्याने आम्हांस पक्ष्यांची नावे म्हणून दाखविली आणि जाताना विचारले, “ओहोळावर आता जाता येईल का?” मार्गशीर्षातले पाणी निवळलेले असते. तरीही आम्ही आधी वाड्यावर निरोप धाडला, तेथून होकार आला आणि मगच वाट सांगितली.